उणे चिन्हांचा तक्ता

बालीगंज हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांना मराठीत आणले तेव्हापासून कलकत्त्याचे रस्ते, गल्ल्या आणि वाडे आपल्याकडच्या दुपारच्या वाचनात मिसळून गेले आहेत. शरदबाबूंनी स्वतः अखेरची काही वर्षे याच दक्षिण भागात, अश्विनी दत्त रस्त्यावरच्या घरात काढली. तेथून फारसे दूर नसलेल्या बालीगंज सर्क्युलर रोडवर ३५ क्रमांकाचे एक आवार आहे. त्याची ओळख मात्र साहित्याच्या वाटेने होत नाही. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ साली आपली मालमत्ता कलकत्ता विद्यापीठाला दिली, सर आशुतोष मुखर्जी यांनी १९१४ साली विज्ञान महाविद्यालयाचा पाया घातला, आणि पुढे रसायन व भौतिकी राजाबाजारात तर प्राणी, वनस्पती आणि मानव यांचा अभ्यास मुख्यतः बालीगंजात अशी वाटणी होत गेली. या आवारातून, जीवरसायन विभागाच्या पत्त्यावरून, इंदुभूषण चॅटर्जी यांचा दोन पानांचा एक निबंध डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकेतील ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता उत्क्रांती आणि ‘क’ जीवनसत्त्वाची शरीरांतर्गत निर्मिती.

त्या दोन पानांतील म्हणणे थोडक्यात सांगता येते. कीटकांत, इतर अपृष्ठवंशीयांत आणि माशांत हे जीवनसत्त्व बनवणारी यंत्रणा आढळत नाही. बेडकासारख्या उभयचरांत ती मूत्रपिंडात दिसते, सरपटणाऱ्या प्राण्यांतही मूत्रपिंडातच राहते, सस्तन प्राण्यांत ती यकृतात येते, आणि गिनीपिग, वटवाघूळ, माकड व माणूस यांच्यापाशी येऊन नाहीशी होते. पक्ष्यांच्या शाखेत हाच प्रवास पुन्हा एकदा घडलेला दिसतो. प्राणी कोणता, अवयव कोणता, क्षमता आहे की नाही: सारा निबंध अधिक आणि उणे अशा दोन चिन्हांत मावण्याजोगा. पण त्यातले एकेक चिन्ह किती श्रमाचे होते हे आज, जेव्हा हजारो प्राण्यांच्या जनुकांची अक्षरे संगणकावर बसल्या जागी वाचता येतात, तेव्हा चटकन लक्षात येत नाही.

या कामाचा उगम बालीगंजातला नाही, राजाबाजारातला आहे. बीरेशचंद्र गुहा लंडन आणि केंब्रिज येथे जीवनसत्त्वांचे शास्त्र शिकून परतले आणि १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयात उपयोजित रसायनाच्या अध्यासनावर आले. केंब्रिजमध्ये ते हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत होते. ‘क’ जीवनसत्त्व प्रथम वेगळे काढणारे सेंट-जॉर्जी यांनीही तेथेच काम केले होते. गुहांना अन्न हा विषय केवळ पुस्तकी नव्हता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भुईमूग आणि सोयाबीन यांपासून दूध करण्याचे प्रयोग त्यांनी केले ते रस्त्यावर माणसे मरत असताना. कोबीत ‘क’ जीवनसत्त्व कोणत्या रूपात बांधलेले असते यापासून ते प्राणी हे जीवनसत्त्व कसे बनवतात यापर्यंत त्यांच्या शोधाचा धागा एकच आहे: माणसाला जे बाहेरून खावे लागते ते दुसऱ्या कोणाला खावे लागत नाही, हे कसे?

प्रश्न साधा वाटतो, परंतु तो सुचायलाही १९०७ साल उजाडावे लागले होते. खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग लिंबू-संत्र्याने बरा होतो हे जेम्स लिंड यांनी १७४७ मध्येच पाहिले होते. हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, माणूस खचत जातो. हा रोग प्राण्यांत घडवून पाहण्याची संधी नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना मिळाली ती प्रयोगासाठी त्यांनी गिनीपिग घेतले म्हणून. त्यांनी उंदीर घेतले असते तर काहीच दिसले नसते, कारण उंदराला हे जीवनसत्त्व खावे लागत नाही; त्याचे यकृतच ते तयार करते. विज्ञानाच्या इतिहासात असे योगायोग बरेच आहेत आणि पाठ्यपुस्तके त्यांना योगायोग म्हणायला नाखूश असतात.

तयार करण्याची रीत लांबलचक असली तरी गुंतागुंतीची नाही. ग्लुकोजपासून सुरुवात होते, काही पायऱ्यांनी एक मधला पदार्थ येतो, त्याचे नाव गुलोनोलॅक्टोन. आणि शेवटच्या पायरीवर एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, या पदार्थाचे ‘क’ जीवनसत्त्वाकडे रूपांतर करते. १९५७ साली अमेरिकेत बर्न्स यांनी दाखवले की माणूस, माकड आणि गिनीपिग या तिघांत अडते ते या एकाच, शेवटच्या पायरीवर. बाकीची वाट सर्वांना मोकळी आहे. घरात शेवया वळल्या, वाळवल्या, पातेल्यात पाणीही उकळले, आणि चुलीत जाळच नाही, असा हा प्रकार.

गुहा आणि त्यांचे सहकारी याच सुमारास बकरीचे यकृत घेऊन बसले होते. निवड कलकत्त्याला साजेशी होती. खाटकाकडे ताजे यकृत मिळे. चॅटर्जी तेव्हा या चमूतील तरुण संशोधक. ताजा अवयव थंडीत ठेवायचा, वाटायचा, वेगाने फिरणाऱ्या यंत्रात त्याचे थर वेगळे करायचे, हवा तो थर घेऊन त्यात गुलोनोलॅक्टोन मिसळायचे, शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवायचे, आणि ठरावीक वेळाने किती जीवनसत्त्व बनले ते मोजायचे. काहीच बनले नाही तर उणे लिहिण्यापूर्वी शंकांची रांग उभी राहते. अवयव शिळा होता का? काही द्रव्य विकराला अडवत होते का? बनलेले जीवनसत्त्व लगेच नष्ट तर होत नव्हते? अधिक चिन्ह एका यशस्वी प्रयोगावर उभे राहू शकते. उणे चिन्ह मात्र सर्व शंका फिटेपर्यंत कच्चेच असते. या क्षेत्रात काम करणाऱ्यांची प्रामाणिकता उण्यांवरून ओळखावी.

१९५८ मध्ये रॉय आणि गुहा यांनी ‘नेचर’मध्ये कळवले की फळे खाणारे भारतीय वटवाघूळ आणि लालबुड्या बुलबुल यांनाही हे जीवनसत्त्व बनवता येत नाही. बुलबुलचे प्रकरण त्यांनी तेवढ्यावर सोडले नाही. जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर ठेवून त्या पक्ष्यात स्कर्व्ही घडवून दाखवला. गिनीपिग आणि माकड यांच्यापलीकडे हा रोग कुणाला होऊ शकतो ही कल्पनाच तोवर रुजलेली नव्हती. आणि ती कल्पना मोडणारा पक्षी कोणता, तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही परसातल्या जास्वंदीवर घरटे बांधणारा, काळी शेंडी आणि शेपटाखाली लाल डाग असलेला, इतका ओळखीचा की त्याच्याकडे पाहणेही सुटलेले.

गुहा १९६२ मध्ये वारले. चॅटर्जींनी धागा सोडला नाही. १९६९ साली राय चौधुरी यांच्यासह त्यांनी पक्ष्यांचा तक्ता प्रसिद्ध केला: कोंबडी, कबुतर, बदक अशांत क्षमता मूत्रपिंडात, गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटात काहींत ती यकृताकडे सरकलेली, काहींत दोन्हीकडे, आणि बुलबुलसारख्यांत कुठेच नाही. चार वर्षांनी तो दोन पानांचा निबंध आला, त्यात बेडूक, कासव, सरडा आणि घरातल्या भिंतीवरची पालसुद्धा होती. १९७५ च्या सविस्तर लेखात बकरीचे आकडे आहेत: दर किलो वजनामागे दिवसाला ३३ ते १९० मिलिग्रॅम. म्हणजे तीस किलोची बकरी अगदी कमीत कमी धरले तरी रोज सुमारे एक ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषासाठी शिफारस केलेले प्रमाण दिवसाला ८० मिलिग्रॅम आहे, आणि तेवढ्यासाठी आपल्याला आवळा, पेरू, लिंबू यांच्या मागे जावे लागते. ज्या प्राण्याला आपण मूर्खपणाचे उपमान करून ठेवले आहे त्याच्यासमोर या बाबतीत तरी माणसाने नम्र व्हावे.

आता या तक्त्याचे वाचन. चॅटर्जींनी तो शिडीसारखा वाचला: खाली मासे, त्यांच्यावर उभयचर, त्यांच्यावर सरपटणारे, मग सस्तन, आणि अगदी वर, जेथे क्षमता गळून पडते, तेथे माणूस. पक्ष्यांतही जुने गट खाली आणि गाणारे पक्षी वर. त्या काळी असे वाचणे सहज होते. शाळेच्या पुस्तकातील चित्रे आजही तशीच असतात. परंतु शिडी ही उत्क्रांतीची आकृती नव्हे, झाड ही तिची आकृती आहे. आजचा मासा हा आजच्या बेडकाचा पूर्वज नसून लांबचा भाऊ आहे. भावाकडे एखादी वस्तू नसेल तर ती घराण्यात कधी नव्हतीच असे होत नाही. त्याने ती घालवलेली असू शकते. आणि तसेच निघाले. पुढे मुशी, पाकट, फुप्फुसमासा आणि जबडा नसलेला लॅम्प्रे यांच्या मूत्रपिंडांत ही क्षमता सापडली. म्हणजे ती पृष्ठवंशीयांच्या मुळापासूनची, फार जुनी ठेव आहे, आणि रोहू-कटला ज्यात येतात त्या अस्थिमत्स्यांच्या मोठ्या शाखेने ती घालवली आहे. पक्ष्यांचा क्रमही सरळ चढता राहिला नाही. गाणाऱ्या पक्ष्यांच्या वंशवृक्षावर ती चिन्हे मांडली तर ती विखुरतात, एकाच पायरीवर गोळा होत नाहीत.

शिडी गेली, पण तक्ता राहिला. सरड्याच्या मूत्रपिंडासमोरचे अधिक आणि गिनीपिगच्या यकृतासमोरचे उणे यांना कोणत्याही सिद्धांताची गरज नव्हती, म्हणून सिद्धांत बदलल्यावरही ती जागची हलली नाहीत. उपपत्तीला विज्ञानात मान जास्त मिळतो आणि नोंदीला कमी, पण आयुष्य पाहिले तर ते बहुधा उलट असते.

क्षमता गेली म्हणजे नक्की काय गेले, याचे उत्तर जनुकांच्या अक्षरांत शोधण्याची सोय १९९० च्या दशकात झाली. जपानच्या निशिकिमी यांनी १९९४ मध्ये दाखवले की माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर त्या शेवटच्या विकराचे जनुक अजून पडून आहे, पण त्याचे तुकडे गळाले आहेत आणि उरलेल्यात चुका भरल्या आहेत. ते पूर्ण पुसले गेलेले नाही. त्याचे अवशेष उरले आहेत. खेड्यात पिठाची गिरणी आल्यावर घरातल्या जात्याचे जे होते तेच येथे झाले असावे. जाते कोणी फोडत नाही. फक्त त्याला टाकी लावायला कोणी बोलावत नाही. दाते झिजतात, खुंटा निघतो, पाळ कुठेतरी पायरीला लागते. फळे आणि पाने भरपूर खाणाऱ्या प्राण्यांत या जनुकाची राखण थांबली आणि पिढ्यापिढ्यांच्या नकलांत त्यात चुका साचत गेल्या. नैसर्गिक निवड ही अशा टाकी लावणाऱ्या पाथरवटासारखी आहे; ज्याला काम आहे त्याचेच दाते ती कोरत राहते.

येथून संगणक येतो. दोन प्राण्यांच्या जनुकसंचांत कोट्यवधी फरक असतात. त्यांतला कोणता फरक कोणत्या लक्षणाला कारण आहे हे नुसते पाहून कळत नाही. माणसाचे एक जनुक मोडले आहे आणि माणूस ‘क’ जीवनसत्त्व बनवत नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण माणसाची मोडलेली जनुके आणखीही आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात मायकल हिलर, गिल बेजेरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘सेल रिपोर्ट्स’मध्ये यावर एक युक्ती मांडली. एकच लक्षण वंशवृक्षाच्या एकमेकांपासून दूर असलेल्या फांद्यांवर स्वतंत्रपणे हरवले असेल, तर जे जनुक नेमके त्याच फांद्यांवर आणि त्याच फांद्यांवर तेवढे मोडलेले दिसेल, संशय त्याच्यावर घ्यावा.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती १९६६ साली पुरी झाली. तेथेही काश्मिरी, बंगाली, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्यांतील पोथ्या समोर मांडून, त्यांची कुळे ठरवून, मूळ पाठाकडे जाण्याचा प्रयत्न होता. समजा, एखाद्या स्तोत्राच्या पोथ्या अनेक प्रांतांत आहेत, आणि त्यातील एक कडवे पठणातून काही प्रांतांत सुटले आहे. जेथे ते म्हटले जाते तेथे लेखनिकाची चूक कोणीतरी ऐकून सुधारते; जेथे म्हटले जात नाही तेथे चुका तशाच पुढे उतरतात. मग कोणते कडवे कोठे सुटले हे पठण न ऐकताही, केवळ चुकांच्या दाटीवरून सांगता येईल. हिलर यांच्या पद्धतीत सर्व जातींच्या जनुकसंचांवरून प्रथम पूर्वजाचा पाठ उभा केला जातो, मग प्रत्येक जातीत प्रत्येक तुकडा त्या पाठापासून किती दुरावला हे मोजले जाते, आणि लक्षण गमावलेल्या सर्व जातींत जास्त व राखलेल्या सर्व जातींत कमी दुरावलेला तुकडा शोधला जातो.

पहिली परीक्षा त्यांनी ‘क’ जीवनसत्त्वावर घेतली. माकड-माणसांची शाखा, गिनीपिग आणि वटवाघळे यांची नाती दूरची, नुकसान मात्र एकच. लेमूर हा आपल्यातलाच, पण तो जीवनसत्त्व बनवतो, म्हणून त्याची साक्ष विशेष मोलाची. संगणकाला जीवरसायनातले काहीही सांगितले नव्हते. गुलोनोलॅक्टोन हा शब्दही त्याला ठाऊक नव्हता. त्याला फक्त जनुकसंच दिले आणि कोणाकडे क्षमता आहे व कोणाकडे नाही याची यादी दिली. हजारो जनुकांच्या गर्दीतून त्याने अचूक तेच एक जनुक पुढे केले.

या निकालाचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण त्या यादीकडे पुन्हा पाहावे. जनुकसंच यंत्राने वाचले, तुलना यंत्राने केली. यादी मात्र यंत्राने केलेली नव्हती. ती कोणीतरी यकृते आणि मूत्रपिंडे वाटून, उबेत ठेवून, मोजून भरलेली होती: बर्न्स यांच्यासारख्यांनी, राजाबाजारात आणि बालीगंजात गुहा व चॅटर्जी यांनी, आणि ज्यांची नावे निबंधाच्या माथ्यावर एकदाच येऊन गेली अशा अनेकांनी. ज्या वर्षांत हे काम चालू होते त्याच काळात, १९५७ ते १९६१, शहराच्या दुसऱ्या टोकाला बराहनगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत जे. बी. एस. हाल्डेन राहत होते. जनुकांच्या बदलाचे गणित ज्या थोड्या लोकांनी उभे केले त्यांपैकी ते एक. एका टोकाला सूत्रे आणि दुसऱ्या टोकाला बकरीचे यकृत. या दोहोंची गाठ एकाच पानावर पडायला अर्धशतक लागले, आणि ती पडली सातासमुद्रापलीकडे.

आज गाठ पुन्हा तेथेच अडते, फक्त उलट्या बाजूने. जनुकसंच वाचणे दरवर्षी स्वस्त होत आहे. महिन्यागणिक नव्या जाती यादीत येतात. लक्षणांच्या नोंदी मात्र तितक्या वेगाने वाढत नाहीत. २०१२ च्या त्याच निबंधात दुसरे उदाहरण पित्तरसाचे होते. गिनीपिग आणि घोडा यांच्या पित्तात फॉस्फोलिपिड फार कमी असतात, आणि दोघांतही ते वाहून नेणारे एबीसीबी-४ हे जनुक निकामी आढळले. माणसात हे जनुक बिघडले तर यकृताचा गंभीर आजार होतो. घोडा मात्र खुशाल धावतो. त्याच्या शरीराने कोणती पर्यायी सोय केली हे कळले तर त्या रोग्यांना काही उपयोग होईल अशी आशा आहे. पण हे दिसले कशामुळे? कोणीतरी कधीकाळी निरनिराळ्या प्राण्यांचे पित्त काढून मोजून ठेवले होते म्हणून. असे निबंध लिहिणाऱ्यास कीर्ती मिळत नाही आणि आता अनुदानही क्वचितच मिळते. ते आपल्या विद्यापीठांतल्या ग्रंथालयांत, बांधणी सुटलेल्या खंडांत असतात, आणि जागा हवी झाली की रद्दीकडे प्रथम तेच निघतात. विद्यापीठांनी याचा गांभीर्याने विचार केलेला नाही, असेच म्हणावे लागते.

तक्त्यातली उणे चिन्हे आजही तपासून घ्यावी लागतात. चॅटर्जींनी उडणाऱ्या सस्तनांच्या समोर सरसकट उणे लिहिले. १९७६ मध्ये अमेरिकेत बर्नी, जेनेस आणि अयाझ यांनी वटवाघळांच्या चौतीस जाती तपासल्या आणि त्यांनाही सगळीकडे उणेच मिळाले. एवढ्या साक्षींनंतर प्रकरण मिटले असे कोणालाही वाटावे. पण वटवाघळांची जनुके वाचली जाऊ लागली तेव्हा काही जातींत हे जनुक धड दिसले. अक्षरे जागेवर होती, पाठ तुटलेला नव्हता. २०११ मध्ये चीनमधील संशोधकांनी पुन्हा टेबलाशी जाऊन, पुन्हा यकृत घेऊन पाहिले, आणि दोन जातींत विकर सापडले, कामही करत होते, पण उंदराच्या तुलनेत अगदी थोडे. वटवाघळांच्या कुळात ही ठेव एकदम गेलेली नाही. ती शाखेशाखेने, अजूनही, जात आहे. त्या दोन जातींपैकी एक आहे रूसेटस लेशेनॉल्टी, फळे खाणारे मध्यम आकाराचे तपकिरी वटवाघूळ. ते भारतात सर्वदूर आढळते. महाबळेश्वरच्या गुहेत त्याची मोठी वसाहत आहे, आणि २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निपाहच्या तपासासाठी नमुने घेतले ते तिथूनच. जांभूळ-उंबरांवर रात्रभर चरून पहाटे ते छताला लटकते, आणि बालीगंजच्या तक्त्यात त्याच्या कुळासमोर लिहिलेल्या उण्याच्या जागी, त्याच्यापुरते, एक फिकट अधिक आता लिहावे लागते.